अर्ध्यात थांबायची भोकं

धाकटी रांगायला लागली त्या वर्षी माझ्या यजमानांची नजर जायला लागली. नाशिकरोडच्या बाजूला विहिरीवरचे पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे हे यंत्रांचे नकाशे काढत. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले, आणि उरलेली किती पुरेल तेही सांगता येणार नाही. टांग्यानं आम्ही पंचवटीत घरी आलो.

"कारखान्यात कळता कामा नये," एवढंच यांनी उंबऱ्यात बजावलं.

पण बिघडलेला पंप कसा लपवणार? त्याच्या बिडाच्या अंगात काही भोकं आरपार पाडायची असतात, काही अर्ध्यात थांबवायची. यांच्या नकाशात ती सगळी तुटक रेघांनी एकावर एक दाखवलेली, कडेला बारीक इंग्रजी. आता त्या रेघा एकमेकींत शिरू लागल्या होत्या. ड्रिलवाल्यानं थांबायचं भोक आरपार नेलं, तिथून पाणी गळायला लागलं, पंप भंगारात गेला. पाठोपाठ दुसरा गेला. मालक यांना म्हणाले, "आणखी एक जरी फुकट गेला, तर मी दुसरा माणूस बघतो."

त्या रविवारी हे नकाशा काढायचं मेणकापड घरी घेऊन आले. खिडकीशी फळी मांडली आणि शाईची लेखणी माझ्या हातात दिली. "मी सांगतो, तू ओढ."

"अहो, मला यातलं काय कळतंय?"

"कळायला नको. रेघ सरळ आली म्हणजे झालं."

रेघ सरळ येत होती. भोकांपाशी मात्र हात अडायचा. "हे कुठल्या बाजूनं पाडायचं? थांबायचं कुठं?"

"ते ड्रिलवाल्याला कळतं."

"कळलं असतं तर दोन पंप वाया गेले असते का?"

हे इतके संतापले की दौत उपडी झाली. मुली रडायला लागल्या. मी शाई पुसत राहिले. बऱ्याच वेळानं हे पडल्या आवाजात म्हणाले, "भोक मधोमध कापलंय असं समज. आत जे दिसेल ते शेजारी मोठं करून काढ."

मी काढलं. प्रत्येक भोकाचं वेगळं चित्र, खोली किती त्याचा ठळक आकडा, आतले आटे कुठवर तेही. इंग्रजी मला येत नव्हतं, म्हणून मराठीतच लिहिलं: 'आरपार', 'इथं थांबा'.

पुढचे पंप गळले नाहीत. ड्रिलवर एक वयस्क चाचा होते. ते ईदला शीरखुर्मा घेऊन आले नि मला म्हणाले, "भाभी, साहेबांचा नकाशा आता लय साफ येतो. परत विचारायला जावं लागत नाय." हे हसले, पण ज्या बाजूला चाचा नव्हते तिकडे बघून हसले. मी भांडं रिकामं करायचं निमित्त करून आत पळाले.

यांना दिसत नाही हे चाचांनी ओळखलं असणार, कुणाला सांगितलं मात्र नसावं. पण एके दिवशी हे कारखान्यातच मालकांच्या अंगावर जाऊन आदळले, आणि सगळं उघडं पडलं. यांना घरी बसवलं.

मी मालकांना भेटायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या फाटकातून आत शिरले. "हे सांगतात आणि मी काढते. आत्तापर्यंतची ही चित्रं माझ्या हातची आहेत. घरी काम द्या, पाया पडते."

मी बरोबर नेलेला नकाशा त्यांनी उलगडून बराच वेळ पाहिला. "बाई, बायकोनं काढलेल्या नकाशावर माझे पंप होतात हे बाहेर कळलं, तर ते घेणार कोण?"

"होतायतच की, शेठ."

त्यांनी नकाशा गुंडाळला आणि आपल्या कपाटात ठेवला. मला परत दिला नाही.

मखमलाबाद रस्त्याला माझ्या भावाचा मळा होता. आम्ही बिऱ्हाड तिकडे हलवलं. मी वहिनीबरोबर बाजारासाठी झेंडू तोडायला लागले. शेठनी नकाशा ठेवून घेतलाय म्हणजे बोलावणं येईल, या आशेवर हे पडवीत बाजेवर बसून असत. रस्त्यावर चाक वाजलं की विचारत, "कारखान्यातनं कुणी आलं का गं?"

"आज नाही," मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार होते?