हवा न भरता घेतलेलं माप

वडील दवाखान्यात होते आणि भेटायची वेळ दुपारी बारा ते एक, बस. सक्करदऱ्याहून मी माझ्या जुन्या रेसिंग सायकलवर डबा न्यायचो. तिचा बोटभर टायर सिमेंट रोडच्या फटीत अडकला, मी आडवा झालो आणि सगळं वरण रस्त्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उमटला, तर वॉर्डातल्या सिस्टरनी दारातूनच परत पाठवलं.

मग जाड टायर आणि मडगार्ड आणले. सकाळी अंगणात स्वतःच बसवले, झकास बसले. साडेअकराला हवा भरली, तसा फुगलेला टायर मडगार्डला असा भिडला की चाक हलेना. रिकाम्या टायरवर माप घेतलं होतं मी! इतकी वर्षं सायकल चालवून ही अक्कल!

मडगार्ड काढायला गेलो, तर घाईत पाना घसरून नटाचे कोपरेच झिजले, पान्याची पकड बसेना. शेवटी अर्धी हवा सोडली आणि सायकल तशीच दामटली.

"हवा भर ना गा, काहून जीव काढून राहिला तिचा?" एक रिक्षावाला ओरडला.

पोचलो तेव्हा वरण गरम होतं. शर्टावर एक शिंतोडा नव्हता. सव्वा वाजला होता.