मोंघीबेनने न मोजलेला महिना

मोंघीबेन,

हे पत्र तुला पोचायचं नाही, एवढं मला कळतं. फाल्गुनात मांडवीला भाच्याच्या घरी तू डोळे मिटलेस. जिवंत असतीस तरी त्यानेच ते वाचून दाखवलं असतं आणि तुला लागेल तेवढं मधलं गाळलं असतं. आता गाळायला कोणी नाही, म्हणून सगळं लिहिते.

सतराव्या वर्षी आगबोटीने तू अरबांच्या देशात, मत्राहला आलीस, पेढीवर खजूर जोखणाऱ्या माणसाची बायको होऊन. तो गेला, मुलगा गोकुळदास त्याच पेढीवर लागला, आणि तू एकोणपन्नास वर्षं एकाच गल्लीत काढलीस. पहाटे तुझ्या लालजींना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भोग धरायचा, मग हवेलीच्या देवळातल्या रसोईत प्रसादाचे ठोर आणि मठड्या तळायला जायचं. बोटाएवढा पितळी बाळकृष्ण तो, पण त्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीला ओलं फडकं बांधून तू स्वतः घामाने निथळत बसायचीस. अरबी तुला चार शब्द यायचे. तीन वरच्या मजल्यावरच्या सालिमच्या आईने शिकवलेले, चौथा मासळीवाल्याला हाकलायचा.

मग गुडघे गेले. भुजच्या डॉक्टरने दोन्ही बदलायला सांगितले, आधी एक, मग दुसरा. अंथरुणात पडून लालजींची सेवा होणार नाही, म्हणून त्यांना हवेलीच्या पुजाऱ्याकडे, मुखियाजींकडे ठेवायचं ठरलं. राहिला तो इथं राहायचा परवाना. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की तो रद्द, हे गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ.

रसोईत मी मठड्या मोजत होते. तू म्हणालीस, "टीचर, जरा इकडे बघ. अखातीजला निघते. अन्नकूटाला मला इथं पाहिजे, म्हणजे आसो वद अगियारसला परत. किती झाले?"

मी मठड्यांवरची नजर न काढता बोटांवर मोजलं. "अक्षय्य तृतीया ते आश्विन वद्य एकादशी, पाच महिने तेवीस दिवस. आठवडा हातात आहे तुझ्या."

"लिहून दे."

"तुला वाचता कुठं येतं?"

"मला नाही. त्याला येतं," म्हणत तू लालजींच्या दिशेने मान हलवलीस आणि माझा कागद पदराला बांधलास.

त्या वर्षी आषाढ दोन होते. पंचांग हातभर अंतरावर भिंतीला टांगलेलं. पुढे त्याच अधिकात मी जावयासाठी तेहतीस अनारसे तळले, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पुण्याला पाठवले, तरी डोक्यात उजेड पडला नाही. एकतीस वर्षं गणित शिकवलं मी इथल्या शाळेत! आणि तू? तुला अधिक ठाऊक होता, चांगलाच ठाऊक होता. डॉक्टरने दुसऱ्या गुडघ्याला नेमकी त्याच महिन्यातली तारीख दिली, तर तू त्याला ठणकावलंस की अधिकात चाकू लावून घेणार नाही. महिनाभर खाटेवर बसून राहिलीस. फोनवर मी हसले होते. "बस, बस, आता देवाचं नाव घेत बस."

अहमदाबादच्या विमानतळावरून तुझा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते.

"टीचर, ही काउंटरवरची पोरगी म्हणते दोनशे दिवस झाले. तू जरा बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"सांग की अधिक धरायचा नसतो. ना लग्न, ना सौदा, ना मुहूर्त. तो महिना देवाचा. देवाचा महिना सरकार कसा मोजेल?"

मी पंचांग काढलं. अखातीजपासून एकेक पान उलटत गेले. डाळीचं ताट मांडीवरून खाली ठेवलं.

"मोंघीबेन, तिचं बरोबर आहे."

तुझ्या मागे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. मग विचारलंस, "आणि तुझं?"

गोकुळदासने तीनदा फाइल दिली, तीनदा ती परत आली. म्हाताऱ्या आईला नवा परवाना मिळेना, जुना होता तोवर चालून गेलं होतं. दर वेळी तू सामान बांधायचीस आणि भाचेसून ते सोडायची. सालिमची आई जिन्यात मला अडवायची. "मोंघी कधी येते?" मी म्हणायचे, ती इथून कायमची गेली आता. त्यावर ती हात झटकायची. "तिचा देव इथं आहे ना? मग ती गेली कशी? तुम्ही शिकलेल्या बायका काहीही बोलता."

तूही तेच धरून बसली होतीस. लालजी इथं आहेत, म्हणजे तुला यायचंय. फोनवर पहिला प्रश्न, "आज शृंगार कुठला होता?" मी कधी बघून सांगायचे, कधी दमलेली असले की ठोकून द्यायचे. केशरी. आणि तू खूश.

चौथ्या दिवाळीच्या आधी तू शृंगार विचारला नाहीस. म्हणालीस, "टीचर, आण त्याला."

मला कळलं, तू परत यायची आशा सोडलीस.

"गोकुळला सुट्टी नाही, तूच आण. झांपी पाठवतेय, तिच्यातच ठेवायचं. मशिनमध्ये घालू द्यायचं नाही. सगळा वेळ मांडीवर. विमानात पाणी प्यायचं नाही."

"अगं, मला साखरेचा त्रास आहे."

"मग चढायच्या आधी पी."

पंधरा दिवसांत एका भाटिया व्यापाऱ्याबरोबर ती झांपी आली. वेताची टोपली, आत लाल मखमलीची गादी, तुझ्या हाताचे वाकडे टाके. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. मग म्हटलं, पौषात तिकीट स्वस्त होतं. मग जावई आला. मग माझेच गुडघे. खरं कारण यातलं एकही नाही. लालजींना मागायचं तर मुखियाजी विचारणार, ती येत नाही का आता? आणि का येत नाही, ते हवेलीतल्या सगळ्या बायकांदेखत मला सांगावं लागणार. तो कागद माझ्या अक्षरातला होता.

होळीच्या आधी तुझा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"निघालीस का?"

"पुढच्या आठवड्यात. नक्की."

"नीट मोज," म्हणालीस.

झांपी माझ्या कपाटावर आहे. हवेली इथून चार मिनिटांवर. मी अजून गेलेली नाही.