एकशे सतराची हजेरी

आमचे सुभेदार कीबोर्डवरची सगळी अक्षरं बसून दाबत, एन मात्र उभं राहून. आधी खुर्ची मागे सरकवायची, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवायची, पडद्याकडे बघत एका माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, जरा थांबायचं, आणि मग एका बोटानं ते अक्षर. पलूसच्या त्या ऑफिसात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. कंबर धरत असेल बिचाऱ्यांची, असं वाटलं. दोन दिवसांनी कळलं की एन दाबला की यादीतला एक माणूस मेलेला धरायचा. मग मीही उभी राहायला लागले.

सुभेदार फौजेत सिग्नलमध्ये होते. लोक निवृत्त होऊन येताना लोखंडी ट्रंक आणि कांबळी आणतात, यांनी सी भाषा आणली. तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या कुटुंबांच्या संघटनेसाठी त्यांनी सी मध्ये एक प्रोग्राम लिहिला होता, नाव 'हजेरी'. दिवाळी झाली की चारेकशे म्हातारे फौजी आणि त्यांच्या बायका 'मी जिवंत आहे' हे दाखवायला स्वतः येत. समोर काळा पडदा, माऊस नाही, चित्रं नाहीत. प्रोग्रामचं नाव लिहायचं, पुढं आडवी रेघ आणि एक अक्षर, मग माणसाचा नंबर. -h 214 म्हणजे दोनशे चौदावा हाय. -n 214 म्हणजे न्हाई. प्रमाण मराठीतल्या माणसानं लिहिला असता तर 'आहे'चा a झाला असता, पण सुभेदारांच्या तोंडात तो शब्द कधी आलाच नाही.

मी मिरजेची, नुकती डिप्लोमा झालेली, त्यामुळे मला सगळंच येत होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना ऐकवलं, की अशा रेघा आणि अक्षरं वाचायला सी मध्ये गेटऑप्ट नावाचं तयार फंक्शन असतं, तुम्ही एकेक शब्द हातानं कशाला तपासता? सुभेदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्यानं वाचून दावल्याला हुकूम आपण पाळायचा व्हय, म्याडम? आपला हुकूम आपण वाचावा." मग वहीत रेघ ओढून म्हणाले, "ह्ये ध्यानात ठेव. रेघ हाय त्यो हुकूम. रेघ न्हाई त्ये नाव. हुकमाची आन नावाची गफलत झाली की मानसं मरत्यात."

शिकवायची त्यांची सगळी रीतच अशी, फौजेतून आलेली. प्रोग्रामला दिलेले शब्द एका रांगेत उभे असतात आणि रांगेत शून्य नंबरला प्रोग्रामचं स्वतःचं नाव असतं, हे मी कॉलेजात तीनदा पाठ करून तीनदा विसरले होते. सुभेदार म्हणाले, "रांगेत हुबं ऱ्हायल्यावर आदी आपलं नाव सांगायचं. मग हुकूम आयकायचा. शून्याला सोताचं नाव न्हाई ठिवलं तर हुकूम कुनाला आलाय, कळंल कसं?" आज मी सांगलीत मुलांना हेच शिकवते, आणि याच वाक्यानं शिकवते. मुलं विसरत नाहीत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे एका हाकेला ओ द्यायची नाही. चहावाला दारातून ओरडायचा, "सुभेदाऽर!" हे ढिम्म. दुसऱ्या हाकेला नुसती मान हलायची, तिसऱ्या हाकेला मात्र खणखणीत ओ. आमच्या भागात जुनी माणसं सांगतात, भर दुपारी शिवारातून एकच हाक आली तर ओ देऊ नये. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. जे माणूस नाही त्याला तेवढा धीर नसतो, ते एकदाच हाक मारतं, आणि ओ देईल त्याला घेऊन जातं. मी सुभेदारांची या गोष्टीवरून पुष्कळ थट्टा केली. चहा गार होतोय तुमच्या भुताखेतांपायी, असं म्हणायची. ते शांतपणे गार चहा पीत.

आता माझ्या चुकीकडे येते. जगातल्या कुठल्याही शहाण्या प्रोग्रामला नुसतं -h दिलं की तो आपली माहिती सांगतो, मला कोणते हुकूम कळतात आणि ते कसे द्यायचे. एच म्हणजे हेल्प. हे इतकं सर्रास आहे की बोटं आपोआप तिकडे जातात. कामाला लागून माझा नववा दिवस होता. हजेरीचा हंगाम नुकताच संपला होता, सुभेदार जेवायला गेले होते. या प्रोग्रामला अजून काय काय येतं ते बघावं म्हणून मी लिहिलं, हजेरी -h. पुढं नंबर नाही, काही नाही.

माहिती आली नाही. पडद्यावर एकच ओळ उमटली, '११७ हाय', आणि शेजारचा प्रिंटर आपसूक करकरायला लागला. हयातीची नोंद झाली की घरी पाठवायचं छापील पत्र तो काढायचा. 'आपण हयात असल्याची नोंद झाली आहे. कळावे.' वर हुद्दा आणि नाव होतं, नाईक यशवंत, आणि जवळच्याच एका गावाचा पत्ता. मला वाटलं, कुणाचं तरी राहिलं होतं, झालं. पत्र इतर पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवलं. दुपारी शिपायानं गठ्ठा पोस्टात टाकला. सुभेदारांना सांगावं असं मला सुचलंही नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई दारात आली. पंचेचाळिशीची असेल. ठसठशीत कुंकू, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, हातात ते पत्र. सुभेदार तिला बघून उठले. "सिंधू? तू कशी काय आलीस?"

"आवं भावजी, ह्ये बगा काय आलंय घरला."

सुभेदारांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी बघितला. मी म्हणाले, "सर, ते माझ्याकडून झालं. मी नुसतं -h दिलं होतं."

"नंबर न देता?"

"हो."

"मग बराबर हाय," ते हळूच म्हणाले. "नंबर न्हाई दिला तर जेवढे ऱ्हायले तेवढ्यास्नी हाय लागतंय. साथीच्या वर्साला मीच लिवलं हुतं तसं, कुनाला घराभाईर पडता येत न्हवतं म्हनून. पर कवा वापरलं न्हाई. ऱ्हायल्याला एकच असायचा दर साली."

तो एकच म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. यशवंत चौदा वर्षांपूर्वी बर्फाच्या डोंगरात पहारा देताना नाहीसा झाला. कडा कोसळला, चौघे सापडले, हा नाही. फौजेनं तो गेल्याचे रीतसर कागद पाठवले. पण सुभेदारांच्या यादीत त्याच्यापुढं ना हाय होतं ना न्हाई. सिंधूताई गावच्या घरात आधी सासूबरोबर आणि सासू गेल्यावर एकट्या राहत होत्या, आणि दर दिवाळीला विचारत, "यंदा काय लिवलं?" सुभेदार सांगत, "काय न्हाई. मोकळं हाय." त्या मोकळ्या जागेवर त्या बाईनं चौदा वर्षं कुंकू लावलं होतं. आणि मी ती जागा भरली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सिंधूताई मात्र रागावल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. दूध उतू गेलं असं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "कागद सोमवारी आला. मंगळवारी भर दुपारी मागल्या उसातनं हाक आली. एकच. काल बुधवारी बी त्याच टायमाला. एकच."

सुभेदार म्हणाले, "ओ दिलीस?"

"मी कशी दिऊ?"

मी मिरजेची मुलगी, असल्या गोष्टींवर हसणारी, पण मी घड्याळाकडे बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि अगदी शिकवतात त्या सुरात म्हणाले, "रेघ मारलीस न्हवं का, पोरी? हुकूम गेला. हुकूम गेल्यावर मानूस हजर व्हनारच. आज गुरवार. आज तिसरी." आणि त्यांनी कामाच्या दिवशी ऑफिसला कुलूप लावलं.

मलाही त्यांनी बरोबर घेतलं, की मीच हट्टानं गेले, हे आता नीट आठवत नाही. सिंधूताई रिक्षानं पुढं गेल्या, मी सुभेदारांच्या मोटरसायकलवर मागे. घर गावाच्या टोकाला होतं, मागच्या दाराला लागूनच तोडणीला आलेला ऊस. पोचलो तेव्हा माझी ओढणी गाडीच्या कॅरिअरमध्ये अडकली. मी ती सोडवत बसले आणि ते दोघं उंबऱ्यापाशी काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी आत गेले तेव्हा सुभेदार मागच्या पडवीत उसाकडे तोंड करून बसले होते.

बारा वाजले. ऊन असं पडलं होतं की सावल्या आखडून पायांजवळ आल्या होत्या. पडवीतलं कुत्रं उठलं आणि घरात जाऊन बाजेखाली शिरलं. चिमण्यांचा चिवचिवाट कधी थांबला ते कळलं नाही, थांबलाय एवढंच कळलं. मग हाक आली. खोटं कशाला सांगू, मी ऐकली. शब्द मला उमगला नाही. लांबवलेला, गार आवाज, उसाच्या पार आतून आलेला. माझ्या शेजारी सिंधूताईंच्या बांगड्या एकदा वाजल्या. त्या आता ओ देणार असं मला वाटलं, आणि मी त्यांचा दंड घट्ट धरला.

ओ दिली ती सुभेदारांनी. ताडकन उभे राहिले, टोपी नीट केली, हात मांडीला चिकटवले आणि परेडवर द्यावी तशी खणखणीत ओ दिली. वारा नव्हता. तरी उसाचे शेंडे आतून आमच्याकडे एका सरळ रेषेत हलत आले, बांधापर्यंत आले आणि थांबले. पुढं काही नाही. थोड्या वेळानं चिमण्या पुन्हा बोलायला लागल्या. सिंधूताईंनी चहा टाकला.

परत आल्यावर सुभेदारांनी खुर्ची मागे सरकवली, टोपी काढली, भावाचं नाव घेतलं आणि एकशे सतराला एन लावला.

त्यानंतर मात्र ते कुणाच्याच हाकेला ओ देईनात. तिसऱ्याही नाही. चहावाला पाच-पाच वेळा ओरडायचा. मी खांद्याला हात लावला की वळायचे, छान बोलायचे, प्रोग्राममधली चूक दाखवायचे, पण नाव घेतलं तर ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखे स्वस्थ राहायचे. कान बिघडले म्हणून मी त्यांना मिरजेला दाखवून आणलं. कान ठणठणीत होते, बाकीही सगळं ठीक होतं. येताना गाडीत मी चिडून विचारलं, "मग ओ का देत नाही तुम्ही?" म्हणाले, "एकदा दिली की गं. किती येळा देनार?"

पुढच्या दिवाळीच्या आधी ते गेले. आजार नाही, दुखणं नाही. दुपारी जेवून ऑफिसमागच्या आपल्या खोलीत आडवे झाले ते उठले नाहीत.

ते सबंध वर्ष मी मनातल्या मनात जळत होते. मी एक अक्षर दाबलं, त्यातून ते पत्र गेलं, त्या पत्रापायी ती हाक आली, आणि सिंधूताईंवर आलेलं सुभेदारांनी स्वतःवर घेतलं, असा माझा हिशेब पक्का होता. कुणाला सांगायची सोय नव्हती. त्यांच्या तेराव्याला गावच्या घरी गेले, पंगती उठल्यावर सिंधूताई मागच्या पडवीत एकट्या भेटल्या, आणि मी सगळं बोलून टाकलं. माझ्यामुळे गेले ते, म्हणाले. तुमच्या ऐवजी गेले. मी फार रडले.

सिंधूताईंनी मला रडू दिलं. मग पदरानं माझं तोंड पुसून म्हणाल्या, "माज्या ऐवजी कशाला जातील, बाई? हाक मला न्हवतीच."

"म्हणजे?"

"आमच्यात बाईला नावानं कोन हाक मारतंय? ह्ये मला आगं म्हनायचे. ती हाक 'दादा' अशी हुती. पयल्या दिसापास्नं 'दादा'च. म्हनून तर मी हापिसात आली हुती भावजींस्नी सांगाय. तितं सगळ्यांफुडं जीभ रेटली न्हाई. मग हितं उंबऱ्यात सांगितलं, तुमी गाडीपाशी हुता तवा. म्हनलं, भावजी, हाक तुमाला हाय. तुमी आत येऊ नगासा, माघारी जावा."

"मग? काय म्हणाले ते?"

"हासले," सिंधूताई म्हणाल्या. "चपला काढल्या आन म्हनले, चौदा वर्सं झाली, लय थांबिवलं गं मी त्याला."