विहिरीला हात लावू नका

टेप वर ओढला. शेवटचं टोक तेवढं ओलं होतं. विहिरीची खोली १२.४० मीटर, पाणी १२.२५ वर. मे महिना होता.

थावरू राठोड काठावर उभे होते. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचे शेतकरी, वय साठीचं. विहिरीखाली मोसंबीची १८० झाडं, पहिला बहार नुकताच निघालेला.

"सायेब, दीड परस खाली जाव म्हणतो. पोरं रिकामेच बसून राहिले."

परस म्हणजे पुरुषभर उंची. विहिरी तिकडे परसातच मोजतात.

ही विहीर आमच्या खात्याची निरीक्षण विहीर होती. मालकी शेतकऱ्याची, आम्ही वर्षातून चारदा फक्त पाण्याची पातळी मोजायची. भूजल वर चाललंय की खाली, ते त्यावरून कळतं. मध्येच विहीर खोल केली की जुने आकडे नव्यांशी जुळत नाहीत. इथली नोंद चौदा वर्षांची होती. छप्पन्न आकडे, एकही गाळलेला नाही. जिल्हा नवा झाला, ऑफिस हललं, तरी हे रजिस्टर मी तुटू दिलं नव्हतं.

"एवढ्यात हात लावू नका," मी म्हणालो. "पावसाळ्यानंतर बघू."

"काहून? खाली काई न्हाई का?"

"सध्या थांबा."

त्यांच्या बायको, जमनाबाई, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐका सायेबांचं. तुमाला पायाजवळचं घमेलं दिसत न्हाई, त्यांना जमिनीच्या आतलं दिसते."

थावरूदादा हसले. "बराबर आहे. थांबतो मंग."

आतलं मला खरंच दिसत होतं. आपल्याकडचा खडक लाव्हारसाचा. एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी मुरत नाही. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून छिद्रं राहतात. तो मांजऱ्या खडक. तो झिजलेला, भेगाळलेला असला तर पाणी धरतो. थावरूदादांच्या विहिरीचा तळ काळ्या पाषाणात होता. उतारावरच्या शेजाऱ्याच्या विहिरीत मांजऱ्या ११ मीटरवर लागला होता आणि तिचा काठ चार मीटर खाली होता. थर इकडे जवळजवळ आडवे. हिशेब सोपा: थावरूदादांच्या काठापासून १५ मीटर, म्हणजे तळाखाली २.६०. त्यांचा दीड परस.

ऑफिसात साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मग दुसरी विहीर धरा. खोदू द्या त्याला."

"सर, चौदा वर्षांची सलग नोंद आहे."

"नोंदीला मोसंबी लागते का?"

साहेब हसले, फाईल पुढे ओढली. मी विषय वाढवला नाही.

पाऊस अर्धवट झाला. ऑक्टोबरमध्ये पातळी ९.८० होती, जानेवारीत ११.७०. मार्चमध्ये टेप कोरडा आला. रजिस्टरमध्ये 'कोरडी' लिहिलं. खोदा, असं तेव्हा तरी म्हणायला हवं होतं. थावरूदादांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. ते बैलगाडीवर ड्रम ठेवून लांबून पाणी आणत होते.

मेमध्ये गेलो तेव्हा वाळलेली झाडं तोडून बांधावर रचलेली होती. एकशे ऐंशीपैकी सात उभी होती. विहिरीत मात्र माणसांचा आवाज होता. झाडं गेल्यावर मुलांनी बापाचं न ऐकता खोदायला घेतलं होतं. जुन्या तळाखाली २.७० मीटरवर मांजऱ्या लागला. पाणी गुडघाभर चढलं होतं.

थावरूदादा रचलेल्या लाकडांवर बसले होते. "सायेब, पोरं म्हणे खोदू, मी म्हणे सायेबांनी पाहेलं हाय, खाली पाणी न्हाई. वर्षभर त्यांच्याशी भांडलो." मग माझ्याकडे बघून, "तुमाला ठाव होतं?"

"होतं."

"मंग काहून थांबवलं?"

मी नोंदीचं सांगितलं. चौदा वर्षं, छप्पन्न आकडे. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"एवढंच व्हतं तर बोलायचं ना. मोजायला दुसरी विहीर मीच दाखवली असती. तांड्यात पाच हायेत."

त्यानंतरही मी बरीच वर्षं विहिरी मोजल्या. कोणाला नको म्हणायची वेळ आली, की कारणही त्याच वाक्यात सांगत गेलो. नुसतं नको म्हटलं की लोक समजतात, खडकच नको म्हणतोय.