इशारा होताच उतरणारे गोकुळदास

सत्य सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगितलेले सत्य निमूटपणे मानणारा विरळा. त्यातही ते सत्य आपल्याच देहाविषयी असेल आणि त्याच देहाच्या बळावर आयुष्यभर मान मिळाला असेल, तर ते मानणे ही एक तपश्चर्याच होय. पार्से गावचे पाडेली गोकुळदास यांच्या ठायी हा गुण होता.

माडावर चढून नारळ पाडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. पायांत दोराचा फास, कमरेला कोयती आणि खोडाने छाती सोलवटू नये म्हणून तिच्यावर खोबरेलाचा हात. मग माडाला नमस्कार करून ते चढत. वडिलांनी घालून दिलेली ही रीत चाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

साठी उलटल्यावर एकदा शेंड्यावर असतानाच छातीत कळ आली. म्हापशाच्या डॉक्टरांनी चढणे सोडायला सांगितले. परंतु वाड्यावर दुसरा पाडेली उरला नव्हता. शेजारची सुलोचना एकटी राहणारी; तिच्या दारावरच्या माडाला सुके नारळ लोंबत होते आणि ती डोक्यावर सूप धरून अंगणात वावरे. गोकुळदासांना ते पाहवेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, नाडी एकशे तीसच्या वर गेली की त्या क्षणी खाली उतरायचे.

वास्कोच्या बंदरात नोकरीला असलेल्या मुलाने, गौरेशने, नाडी मोजणारे मनगटी घड्याळ आणून दिले. माडावरही आकडा शंभराच्या आत राही. गोकुळदास खुशीत असत. मात्र आरोग्य केंद्रात परिचारिका असलेल्या सुनेला, सेजलला, शंका आली. एकदा ते खाली उतरताच तिने त्यांच्या मानेवर बोटे ठेवून ठोके मोजले. ते दीडशेच्या वर होते. घड्याळ ब्याण्णव दाखवत होते.

"बाबा, घड्याळाक फसवलास तुमी."

"मी? मी खंय फसवलंय?"

"माड इतको घट्ट धरतास, की मनगटातला रगातच अडता. घड्याळ थंयच उजेड टाकून बघता, ताका काय कळतला? काळजाची खबर काळजापाशीच घेवक होयी."

"म्हणजे इतके दिवस खोटो साक्षीदार हातात बांधून फिरलंय," गोकुळदास म्हणाले आणि त्यांनी घड्याळ काढून ठेवले. पुन्हा घातले नाही.

सेजलने छातीला बांधायचा पट्टा मागवला. तो ठोके थेट छातीवरून टिपी आणि मर्यादा ओलांडताच खाली ठेवलेला फोन वाजू लागे. बांधण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने सासऱ्यांची छाती पुसून काढी आणि पट्ट्याची आतली बाजू भिजवी. का पुसते, हे तिने कधी सांगितले नव्हते. त्यांनीही विचारले नव्हते.

पहिल्याच दिवशी अर्ध्या माडावर असताना फोन वाजला. गोकुळदास तसेच उतरले. रस्त्यावरून जाणारा विठ्ठल हसला. "काय रे, फोन इलो म्हणून पाडेली उतारलो? सासुरवाडीचो काय?"

"काळजाचो फोन तो, विठ्ठला. न घेवन चलात?"

त्यानंतर ते कित्येकदा असेच उतरले. हाताच्या अंतरावर आलेली नारळांची पेंड सोडून उतरले, लोक हसत असताना उतरले. सावलीत बसावे, नाडी निवली की पुन्हा चढावे. एकदाही त्यांनी त्या आवाजाशी लबाडी केली नाही.

माघातल्या एका सकाळी सेजल कामावर गेली होती. सुलोचनेच्या अंगणात आदल्या दिवशीच एक नारळ तिच्या पावलांपाशी आदळला होता. सेजल येईपर्यंत थांबायला गोकुळदास तयार नव्हते. रीतीप्रमाणे छातीला तेल चोळले, पट्टा भिजवला आणि त्या तेलावरच बांधला. फोन पत्नीच्या, गंगेच्या, हाती दिला. मोतीबिंदूमुळे तिला आकडे दिसत नसत. पण वाजला तर हाक मारायची, एवढे तिला ठाऊक होते.

अर्ध्यावर ते थांबले. बोलताना धाप लागत होती.

"गंगे, वाजलो काय गो?"

"नाय हो, गप आसा. चढा सावकाश."

तेलामुळे पट्ट्याला काळजाचे काहीच ऐकू येत नव्हते, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ते शेंड्यापर्यंत चढले. त्यांनी एक पेंड तोडली. दुसऱ्या पेंडीला कोयती लावताना हात सैल पडला.

फोन अखेरपर्यंत वाजला नाही. वाजला असता, तर ते उतरले असते.

संध्याकाळी सेजलने स्वतःच्या हातांनी तो पट्टा सोडला. आतल्या बाजूवर फिरवलेले बोट तेलकट निघाले. ते तिने पदराला पुसले नाही. कितीतरी वेळ तसेच धरून बसली. गंगा मात्र येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "मी आयकत होतंय हो. कान देवन आयकत होतंय."

गोकुळदासांच्या मागे गंगा, गौरेश आणि सेजल आहेत. खुंटीवर त्यांची कोयती आहे. वाड्यावर आता पाडेली नाही, आणि सुलोचना अजून डोक्यावर सूप धरून अंगणात जाते.