मामांचा कान

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं स्पीकरचं दुकान. आमचं म्हणजे मामांचं. मी तिथं अठरा वर्षं कामाला होतो. ते माझे मामा नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते. खोकी मी बनवायचो, आतली जोडणी मी करायचो. पण होटगीचं मंडळ असो की करकंबचं मंगल कार्यालय, माल उचलताना गिऱ्हाईक एकच विचारायचं, "मामांनी ऐकलंय न्हवं?" त्या प्रश्नाचा मला मनापासून राग होता.

मामांची ऐकायची रीत साधी. माइकपुढं स्टीलची वाटी धरायची, चमच्यानं वाजवायची आणि ते रेकॉर्डिंग नव्या स्पीकरवर लावायचं. मग एकदा हातातली वाटी, एकदा स्पीकरमधली, असं आळीपाळीनं ऐकत बटणं फिरवायची. दोन्ही एकसारख्या वाजल्या की चहा मागवायचा. मीटर वगैरे काही नाही.

एकदा मी मामांना न दाखवताच करकंबच्या गिऱ्हाइकाला स्पीकरची जोडी देऊन टाकली. आठवड्यात परत आली. माइकवर एखादी बाई बोलायला लागली की शिट्टी मारल्यासारखं येतं म्हणे. मामांनी गिऱ्हाइकासमोर माझ्या चष्म्याकडं बोट केलं. "ह्येला कान देवानं काड्या अडकवायला दिल्यात." गिऱ्हाईक हसलं, चहावाला हसला, मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

मामांना ऐकू कमी येतंय हे सगळ्यांत आधी माझ्याच ध्यानात आलं. मिरवणुकांत भिंतीएवढ्या स्पीकरांपुढं पंचवीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे बारीक आवाज आधी जातात. ढोल ऐकू येतो, पैंजण येत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मामींनी हाक मारून सांगितल्याशिवाय मामांना कळायचं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आता मामांची जुळणी बिघडणार आणि मी ती चारचौघांत दाखवणार, असं मनात पक्कं केलं. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. मामा घरी गेले की त्यांनी जुळवलेले स्पीकर मोजत बसायचो.

एकातही चूक सापडली नाही. याचं कारण कळायला मला कित्येक महिने लागले. हातातली वाटी आणि स्पीकरमधली वाटी मामा त्याच अधू कानांनी ऐकत होते. एकीतलं जेवढं हरवायचं तेवढंच दुसरीतलं, मग जुळणी चुकणार कशी? मी अक्षरशः जळलो.

पुढं त्यांच्या मुलीनं हट्ट धरला, तेव्हा कानाचं मशीन बसवायला मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. मामा आरशात बघत होते. तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "सुरुवातीचे काही आठवडे यांना सगळंच कर्कश वाटेल. इतकी वर्षं न आलेले आवाज एकदम येतात, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. घरी नीट समजावून सांगा." मी मान डोलावली.

मामा म्हणाले, घरी नको, आधी दुकानात चल. आदल्याच दिवशी त्यांनी जुळवलेली जोडी तिथं होती. खुर्चीत बसून म्हणाले, "लाव." मी गाणं लावलं. पहिल्याच झांजेला त्यांनी दोन्ही कान दाबून धरले. मी बंद केलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ह्ये असंच वाजत व्हतं?"

वाटी समोर टेबलावरच होती. वाजवून बघा की, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तीही तशीच किंचाळली असती आणि स्पीकर बरोबर आहेत, मशीनच नवं आहे, हे मामांना जागच्या जागी कळलं असतं. मी हात मागं बांधून उभा राहिलो.

"व्हय मामा," मी म्हणालो. "तीन वरसं झाली."

"आन् गिऱ्हाइकं गप कशी बसली?"

"तुमी घरी गेल्यावर मी नीट करून देत व्हतो."

मामा खुर्चीतून उठले. मला दंडाला धरून तिथं बसवलं. "कुनाला बोलला न्हाईस. मी तुला गिऱ्हाइकापुढं काय काय बोललो, आन् तू माजी अब्रू झाकत बसलास." असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून मामा दुकानात आले नाहीत. मशीनही काढून ठेवलं. आता काय ऐकायचं ऱ्हायलंय, म्हणतात. दिवाळीला मला जेवायला बोलावलं. पंगतीत जावई होते, व्याही होते, पण मामा मामींना म्हणाले, "आदी त्येला वाढ." मी पोटभर जेवलो.