चादरींच्या खोलीतलं पुस्तक

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका आजीनं भर वॉर्डात माझी शोभा केली. अकोल्याला, लहान मुलांच्या वॉर्डात. तिच्या नातवाला इंजेक्शन द्यायचं होतं. मी खिशातून पुस्तक काढलं, किलोमागे किती ते पाहिलं आणि सिरिंज हातात घेतली. आजी तिथूनच ओरडली, "अवो, हे पोट्टी पुस्तक पाहून सुई देऊन राह्यली! हिले काही येत नाही, दुसरी सिस्टर बलवा." अख्खा वॉर्ड हसला. इन्चार्ज सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुस्तक पाहायचं तर घरी पाहून येत जा. पेशंटसमोर काढायचं नाही."

घरी पाहून! उद्या कोणतं लेकरू काय घेऊन येणार, ते मला घरी बसून कसं कळणार होतं? पण तोंडातून शब्द काढला नाही. चांदूर बाजारजवळ आमचा फुलांचा मळा. वडिलांनी झेंडू-शेवंती विकून मला नर्सिंगला घातलं होतं. नोकरी टिकली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

पुस्तक तळहाताएवढं, जाड, प्लास्टिकच्या कव्हरचं. अमरावतीला शिकत असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं. आजार, औषधं, किलोमागचे डोस, सलाईनचे थेंब, सगळं त्यात. कुठंकुठं डोसाशेजारी पेन्सिलीची बारीक टिंबं होती. आधीच्या मालकिणीची असतील, असं मी धरून चालले. जवळपास प्रत्येक पानाखाली एक सल्ला छापलेला: शंका असल्यास वरिष्ठांना विचारा. लिहिणाऱ्याला आमच्या इन्चार्ज भेटल्या नसाव्यात.

मग मी पुस्तक चादरींच्या खोलीत ठेवायला लागले. वॉर्डाच्या टोकाला चादरी-टॉवेलांची छोटी खोली होती. सगळ्यात वरच्या फळीवर, चादरींच्या मागे पुस्तक. शंका आली की तिथं जायचं, आतून कडी लावायची, पान पाहायचं आणि सगळं तोंडपाठ असल्यासारखं बाहेर यायचं. कोणी विचारलं तर बाथरूमला गेले होते. वॉर्डात माझं नावही झालं, हिचा हात कधी चुकत नाही म्हणून. आणि नाव झाल्यावर तर पुस्तक काढणं आणखीच अवघड झालं.

त्या वॉर्डात माझी एकच मैत्रीण होती. तेल्हाऱ्याची, कंत्राटी नर्स, माझ्यानंतर वर्षाभरानं आलेली. दुपारी आम्ही दोघी एकाच डब्यात जेवायचो. भाकर माझी, जवसाची चटणी तिची. ती मला चिडवायची, "दर घंट्याले बाथरूमले पळतं. शुगर तपासून घे व बाई!" मी हसायची. तिलासुद्धा सांगितलं नाही. तिच्या डोळ्यात तरी मी हुशार राहावं, असं वाटायचं.

एका सकाळी झटके आलेली एक पोरगी भरती झाली, वर्षाच्या आतली. औषध लिहून आलं. केसपेपरवर वजन तेरा किलो. मी सिरिंज भरली, ट्रे तिच्या खाटेशेजारी ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. इवलंसं मनगट. हे लेकरू तेरा किलोचं? माझा हात थांबला. तेव्हाच डॉक्टरांना हाक मारायला पाहिजे होती. निदान मैत्रिणीला सांगायला पाहिजे होतं, थांब, हे देऊ नको. मी काय केलं? ट्रे तसाच ठेवला आणि चादरींच्या खोलीत जाऊन कडी लावली.

पान सापडायला वेळ लागला. मध्येच कोणीतरी बाहेरून दार ढकललं. मी पुस्तक छातीशी धरून गप उभी राहिले. पुन्हा ढकललं. मग पावलं परत गेली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. हिशेब केला. त्या मनगटाच्या मानानं औषध दुपटीच्या घरात जात होतं. पुस्तक हातात तसंच घेऊन मी धावत बाहेर आले, तर सिरिंज रिकामी होती. मैत्रीण कापसानं पोरीचा हात दाबून उभी होती. "वेळ होऊन गेली होती, म्हणून देऊन टाकलं," ती म्हणाली.

पोरगी झोपली ती उठेना. श्वास मंद झाला. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, पुन्हा वजन केलं. साडेसहा किलो. दिवसभर आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या होतो आणि एकमेकींकडे पाहत नव्हतो. चारच्या सुमारास पोरगी रडली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इन्चार्जनी बोलावलं. वजन चुकीचं लिहिणाऱ्याचा विषय दोन वाक्यांत संपला. "भरलेली सिरिंज टाकून तू कुठं गेली होतीस?" त्यांनी मला विचारलं. खरं बोलले असते तर चूक माझ्या पदरात पडली असती. शंका आली आणि कोणाला न सांगता गेलीस? आणि पुस्तक पाहायला? मी म्हटलं, "बाथरूमला." मग त्या तिच्याकडे वळल्या, "दुसरीनं भरलेलं औषध न विचारता दिलंसच कसं?" ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. ती तेल्हाऱ्याला गेली.

त्यानंतर मी एकटी जेवायला लागले. माझी बदली अमरावतीला झाली, तरी तेच. कोणी डबा पुढे केला की मला भूक नसायची. लग्न केलं नाही, खोलीवर वाट पाहणारं कोणी नाही. सुट्टीचा दिवस तर नकोच वाटतो. तिला फोन करायला कितीदा नंबर काढला आणि ठेवून दिला. मी भेकड होते, दुसरा शब्द नाही.

परवा आमच्या वॉर्डात एका नव्या सिस्टरनं नातेवाइकांच्या देखत मोबाईल काढला, डोस पाहिला आणि म्हणाली, "थांबा हां, एकदा पक्कं करते." नातेवाईक थांबले. कोणी हसलं नाही. मला इतका राग आला की विचारू नका, आणि तो तिच्यावर नव्हता. सुट्टी टाकून मी दुसऱ्या दिवशी सकाळी तेल्हाऱ्याला जायला एसटीत बसले. अकोटला गाडी बदलली. पर्समध्ये पुस्तक होतं.

मैत्रीण आता तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात काम करते. केस पिकलेत. घराच्या दारात मला पाहून म्हणाली, "वाळली व तू." चहा ठेवला. मी एका दमात सगळं सांगितलं, खोली, कडी, पुस्तक, बाथरूमचं खोटं. सांगताना रडू आलं.

"मले माईत हाये," ती म्हणाली.

"कसं?"

"तू पुस्तक हातात घेऊनच धावत आली होती नं. आन् मी बी त्याच्यातच पाहात होती. तुही ड्युटी सुटली का चादरीमांगून काढाची. माह्यावर बी हसले असते लोकं." पुस्तक तिनं ओढून घेतलं, एका टिंबावर बोट ठेवलं. "हे टिंब माहेच हायेत."

रागानंच तोंडातून निघालं, "मंग त्या दिवशी काऊन नाही पाह्यलं व?"

"आली होती पाहाले," ती म्हणाली. "पोट्टी मले बी तेरा किलोची वाटे ना. दोनदा ढकललं दार. कडी होती आतून." चहाचा कप तिनं माझ्याकडे सरकवला. "मंग म्हटलं, हिनं भरलं तं पाहूनच भरलं असंन."